नामावकाश आणि घटकनाम : दस्तऐवज-प्रकार व्याख्येतील एक अभ्यास

नावाला अर्थ असतो, तो संदर्भामुळे. 'अंक' हा शब्द नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाला एक सांगतो, नियतकालिकाच्या संपादकाला दुसरे आणि गणिताच्या शिक्षकाला तिसरेच. मनुष्य संदर्भावरून अर्थ ओळखतो, म्हणून व्यवहारात घोटाळा होत नाही. यंत्राला मात्र संदर्भ सांगावा लागतो. माहितीच्या नोंदी एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत, एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत जाऊ लागल्या, तेव्हा हा संदर्भ कसा सांगावा, हा प्रश्न संगणकशास्त्रापुढे उभा राहिला. 'नेमस्पेस' हे त्या प्रश्नाचे एक उत्तर होय. आम्ही त्यास या लेखात 'नामावकाश' म्हणू. जुनी नियमव्यवस्था आणि हे नवे उत्तर एकत्र आले असता घटकांच्या नावांचे काय होते, याचा विचार येथे करावयाचा आहे. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी आणि संस्थांच्या नोंदी सांभाळणारे माजी विद्यार्थी या दोघांनाही तो उपयोगी पडेल, असा विश्वास वाटतो.

एक सूचना आरंभीच करतो. एक्सएमएलमधील राखीव शब्द प्रत्यक्ष फाईलमध्ये रोमन लिपीतच लिहावे लागतात. या लेखात ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. घटकांची नावे मात्र प्रत्यक्षातही देवनागरीत ठेवता येतात. तशी मुभा एक्सएमएलच्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे.

१. घटक आणि त्याची व्याख्या

एक्सएमएल ही खुणांच्या साह्याने माहिती लिहिण्याची पद्धती आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी तिची शिफारस प्रसिद्ध केली. एसजीएमएल या १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या मोठ्या पद्धतीचे ते सुटसुटीत रूप होते. प्रत्येक माहितीकणाच्या आधी आरंभखूण आणि शेवटी समाप्तिखूण लिहावयाची, हा तिचा मूळ नियम. दोन खुणा आणि त्यांमधील मजकूर मिळून एक घटक होतो. उदाहरणार्थ :

<इयत्ता>८</इयत्ता>

खुणा योग्य रीतीने उघडल्या व मिटल्या, एकात एक नीट बसल्या, की दस्तऐवज सुघटित झाला. पण सुघटित असणे आणि योग्य असणे यांत अंतर आहे. व्याकरणशुद्ध वाक्यही असत्य असू शकते, तसेच हे. कोणत्या घटकात कोणते घटक, कोणत्या क्रमाने आणि किती वेळा यावेत, हे ठरवून देणारी यादी म्हणजे दस्तऐवज-प्रकार व्याख्या. तिला सर्वत्र 'डीटीडी' असे म्हणतात. ही यादीही एसजीएमएलकडून वारशाने आली. विद्यार्थ्याच्या वर्गाची नोंद घ्यावयाची असेल, तर त्या यादीत असे लिहू :

<!एलिमेंट वर्ग (इयत्ता, तुकडी)>
<!एलिमेंट इयत्ता (#पीसीडेटा)>
<!एलिमेंट तुकडी (#पीसीडेटा)>

'वर्ग' या घटकात आधी इयत्ता व मग तुकडी असावी, आणि त्या दोहोंत केवळ मजकूर असावा, असा याचा अर्थ. दस्तऐवज या यादीशी ताडून पाहणाऱ्या प्रणालीस वैधता तपासणारा पार्सर म्हणतात. नोंद यादीप्रमाणे असेल तर तो ती वैध ठरवतो, नसेल तर दोष दाखवतो.

२. एक नाव, दोन अर्थ

आता निवासी शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. ग्रंथपालही 'वर्ग' हा शब्द वापरतो, पण त्याच्या लेखी तो ग्रंथाचा वर्ग असतो. ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ असा आहे. तेव्हा ग्रंथालयाच्या यादीत लिहिलेले असेल :

<!एलिमेंट वर्ग (#पीसीडेटा)>

दोन्ही याद्या आपापल्या ठिकाणी निर्दोष आहेत. परंतु कोणत्या विद्यार्थ्याने कोणते पुस्तक नेले, याची नोंद एकत्र करावयाची झाली, की दोन्ही याद्या एका दस्तऐवजास लागू कराव्या लागतात, आणि तेथे अडचण येते. डीटीडीमध्ये एका नावाच्या घटकाची घोषणा एकदाच करता येते. दुसरी घोषणा हा वैधतेचा भंग ठरतो. शिवाय तेथे घटकाच्या नावाला परिसर नसतो. 'विद्यार्थी' या घटकातील 'वर्ग' निराळा आणि 'ग्रंथ' या घटकातील 'वर्ग' निराळा, असे सांगण्याची सोयच नाही. एक नाव म्हणजे संपूर्ण दस्तऐवजात एकच रचना.

मग (इयत्ता, तुकडी) आणि साधा मजकूर या दोहोंना सामावून घेणारी एखादी ढिली घोषणा करावी, असे कोणास सुचेल. तसे करता येते. पण मग ग्रंथाच्या वर्गात तुकडी लिहिली तरी ती खपून जाईल, आणि विद्यार्थ्याच्या वर्गात ८९१.४६ लिहिले तरीही. तपासणी ढिली करून भांडण मिटवले, तर तपासणीचा हेतूच नष्ट होतो.

३. नामावकाशाची कल्पना

१४ जानेवारी १९९९ रोजी, म्हणजे एक्सएमएलनंतर सुमारे अकरा महिन्यांनी, नामावकाशांची शिफारस प्रसिद्ध झाली. टिम ब्रे, डेव्ह हॉलंडर आणि अँड्र्यू लेमन हे तिचे संपादक. तिच्यातील विचार सोपा आहे. प्रत्येक नावाचे दोन भाग मानावेत. एक भाग ते नाव ज्या शब्दसंग्रहातील आहे त्याची ओळख, आणि दुसरा भाग त्या संग्रहातील स्थानिक नाव. ओळख म्हणून वेबच्या पत्त्यासारखी दिसणारी एक अक्षरमाला वापरावी, कारण तशी अक्षरमाला जगात दुसऱ्या कोणाशी जुळण्याची शक्यता कमी असते.

एवढी लांब अक्षरमाला प्रत्येक खुणेत लिहिणे अशक्य. म्हणून तिला एक आखूड उपसर्ग द्यावयाचा आणि उपसर्ग व स्थानिक नाव यांमध्ये अपूर्णविराम लिहावयाचा. आमच्या उदाहरणात पूर्ण पत्त्यांच्या जागी आपण 'शाळा-पत्ता' व 'ग्रंथालय-पत्ता' एवढेच लिहू :

<नोंद एक्सएमएलएनएस:शा="शाळा-पत्ता"
      एक्सएमएलएनएस:ग्रं="ग्रंथालय-पत्ता">
  <शा:वर्ग>
    <शा:इयत्ता>८</शा:इयत्ता>
    <शा:तुकडी>अ</शा:तुकडी>
  </शा:वर्ग>
  <ग्रं:वर्ग>८९१.४६</ग्रं:वर्ग>
</नोंद>

येथे चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, उपसर्ग हा केवळ प्रतिनिधी आहे, खरी ओळख पत्त्याची. वसतिगृहात एका मुलाला एका टोपणनावाने हाक मारतात, घरी दुसऱ्या, पण मुलगा एकच असतो. तसे 'ग्रं' ऐवजी 'पु' लिहिले आणि पत्ता तोच ठेवला, तर घटक तोच राहतो. दुसरी, त्या पत्त्यावर काही असलेच पाहिजे असे नाही. प्रणाली तेथे जाऊन पाहत नाही, ती केवळ अक्षरास अक्षर ताडते. तिसरी, उपसर्गाविना घोषणा केली, म्हणजे नुसते 'एक्सएमएलएनएस' लिहून पत्ता दिला, तर तो पूर्वनिर्धारित नामावकाश होतो आणि त्या घटकाला व त्यातील उपसर्गहीन घटकांना लागू पडतो. चौथी, हा पूर्वनिर्धारित नामावकाश गुणधर्मांना, म्हणजे ॲट्रिब्यूट्सना, लागू होत नाही. उपसर्गहीन गुणधर्म कोणत्याच नामावकाशात नसतो.

४. मूळ मुद्दा : डीटीडीला नामावकाश दिसत नाही

आता लेखाच्या मर्माकडे येऊ. नामावकाश आले, तरी डीटीडी बदलली नाही. तिच्या दृष्टीने 'ग्रं:वर्ग' हे दोन भागांचे नाव नसून नऊ वर्णखुणांची एक अखंड माला आहे. मध्ये अपूर्णविराम आहे, एवढेच. १९९८च्या शिफारशीत अपूर्णविराम हा नावात चालणारा वर्ण होता आणि नामावकाशांच्या प्रयोगांसाठी तो राखून ठेवावा, असेही तेथे सुचवले होते. त्यामुळे नवी पद्धत जुन्या नियमांना न मोडता त्यांच्यावर बसवता आली. जुने पार्सर आणि जुने दस्तऐवज निकामी झाले नाहीत, हा लाभ झाला. त्याची किंमत अशी, की दोन व्यवस्था एकाच नावाकडे दोन वेगळ्या दृष्टींनी पाहतात.

पुढील तीन घटक पाहा :

(अ) <ग्रं:वर्ग एक्सएमएलएनएस:ग्रं="ग्रंथालय-पत्ता">८९१.४६</ग्रं:वर्ग>
(आ) <पु:वर्ग एक्सएमएलएनएस:पु="ग्रंथालय-पत्ता">८९१.४६</पु:वर्ग>
(इ) <वर्ग एक्सएमएलएनएस="ग्रंथालय-पत्ता">८९१.४६</वर्ग>

नामावकाश जाणणाऱ्या प्रणालीस तिन्ही घटक एकाच नावाचे आहेत. डीटीडीस मात्र ही तीन परस्पर अपरिचित नावे आहेत. यादीत 'ग्रं:वर्ग' आणि त्यावरील 'एक्सएमएलएनएस:ग्रं' हा गुणधर्म एवढेच घोषित असतील, तर (अ) वैध, आणि (आ) व (इ) अवैध ठरतील.

याच्या उलटही घडते. एखाद्याने 'ग्रं' हाच उपसर्ग ठेवून त्यास भलताच पत्ता जोडला, तर नामावकाशाच्या दृष्टीने घटक पूर्णपणे बदलला. पण पत्ता कोणता असावा हे यादीत बांधून दिले नसेल, तर डीटीडी तो दस्तऐवज निमूटपणे स्वीकारील. दारावरील पहारेकरी यादीत लिहिलेली अक्षरे तेवढी जुळवतो. आत येणारा कोण आहे, हे त्याला ठाऊक नसते. डीटीडीचे काम नेमके तसेच आहे.

५. डीटीडी लिहिताना पाळावयाचे नियम

या एका तत्त्वातून व्यवहाराचे सर्व नियम निघतात.

पहिला नियम असा, की उपसर्गासह संपूर्ण नाव लिहावे. घटकाच्या घोषणेत आणि तो जेथे जेथे दुसऱ्या घटकाच्या रचनेत येतो तेथे, दोन्हीकडे. आपल्या उदाहरणाची यादी अशी होईल :

<!एलिमेंट नोंद (शा:वर्ग, ग्रं:वर्ग)>
<!एलिमेंट शा:वर्ग (शा:इयत्ता, शा:तुकडी)>
<!एलिमेंट शा:इयत्ता (#पीसीडेटा)>
<!एलिमेंट शा:तुकडी (#पीसीडेटा)>
<!एलिमेंट ग्रं:वर्ग (#पीसीडेटा)>

'वर्ग' या नावाचे भांडण येथे मिटले. परंतु ते नामावकाशाने मिटवले नाही, दोन नावांची अक्षरे निराळी झाली म्हणून मिटले. हा भेद विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा.

दुसरा नियम, नामावकाशाची घोषणाही यादीत नोंदवावी. आपल्याला ती घोषणा वाटते, पण डीटीडीला तो एक सामान्य गुणधर्म दिसतो आणि अघोषित गुणधर्म तिला चालत नाही. म्हणून :

<!ॲटलिस्ट नोंद
   एक्सएमएलएनएस:शा सीडेटा #फिक्स्ड "शाळा-पत्ता"
   एक्सएमएलएनएस:ग्रं सीडेटा #फिक्स्ड "ग्रंथालय-पत्ता">

'फिक्स्ड' या शब्दाने मूल्य बांधले जाते. या घटकावर कोणी दुसरा पत्ता लिहिला, तर तो दोष ठरतो. उपसर्ग आणि पत्ता यांची जोडी बांधून ठेवण्याचे डीटीडीजवळचे साधन हेच.

तिसरा नियम, घोषणा यादीत असली तरी ती दस्तऐवजातही स्पष्ट लिहावी. 'फिक्स्ड' मूल्य दिले, की वैधता तपासणारा पार्सर ते आपण होऊन पुरवतो. त्यामुळे दस्तऐवजात ते लिहिण्याचा कंटाळा केला जातो. पण वैधता न तपासणाऱ्या पार्सरवर बाहेरच्या फाईलमधील डीटीडी वाचण्याचे बंधन नाही. तसा पार्सर आला, की घोषणा नाहीशी होते. उपसर्ग वापरलेला असेल तर निदान 'उपसर्ग अघोषित' असा दोष तरी दिसतो. पूर्वनिर्धारित नामावकाश वापरला असेल तर तोही दिसत नाही. घटक कोणत्याच नामावकाशात नाहीत असे धरून काम पुढे चालते, आणि शोध घेणारी प्रणाली 'एकही नोंद सापडली नाही' असे उत्तर देते. शेकडो विद्यार्थ्यांच्या नोंदी फाईलमध्ये जशाच्या तशा असूनही उत्तर शून्य येते. न बोलणारा दोष हा बोलणाऱ्या दोषापेक्षा अधिक घातक असतो.

चौथा नियम, अपूर्णविराम केवळ घटकांच्या व गुणधर्मांच्या नावांत, आणि तोही एकदाच वापरावा. एंटिटीचे नाव, नोटेशनचे नाव आणि प्रक्रिया-सूचनेचे लक्ष्यनाम यांत तो नामावकाशाच्या नियमाने निषिद्ध आहे. वैध दस्तऐवजात ओळख-क्रमांक म्हणून घोषित केलेल्या गुणधर्माच्या मूल्यातही तो नसावा.

६. उपसर्ग बदलता ठेवण्याची युक्ती

यादीत उपसर्ग पक्का लिहिला, की सर्व वापरणाऱ्यांना तोच स्वीकारावा लागतो. तो बदलता ठेवण्यासाठी पॅरामीटर एंटिटीचा उपयोग करतात. पॅरामीटर एंटिटी म्हणजे यादीतच वापरावयाचे एक संक्षिप्त नाव, ज्याच्या जागी ठरलेला मजकूर बसतो :

<!एंटिटी % उप "ग्रं:">
<!एंटिटी % जोड ":ग्रं">
<!एंटिटी % वर्गनाम "%उप;वर्ग">
<!एंटिटी % घोषणा "एक्सएमएलएनएस%जोड;">
<!एलिमेंट %वर्गनाम; (#पीसीडेटा)>
<!ॲटलिस्ट %वर्गनाम;
   %घोषणा; सीडेटा #फिक्स्ड "ग्रंथालय-पत्ता">

'वर्गनाम' ही मधली पायरी कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. घोषणेतच सरळ '%उप;वर्ग' असे का लिहू नये? उत्तर नियमात आहे. घोषणेत पॅरामीटर एंटिटीचा मजकूर बसवताना त्याच्या पुढे व मागे एकेक मोकळी जागा घातली जाते. त्यामुळे 'ग्रं:' आणि 'वर्ग' हे दोन तुकडे वेगळे पडतील. अवतरणचिन्हांतील मूल्यात मात्र ही मोकळी जागा घातली जात नाही. म्हणून संपूर्ण नाव आधी मूल्यात जोडून घ्यावयाचे आणि मग घोषणेत वापरावयाचे.

दस्तऐवजाच्या आत लिहिलेला यादीचा भाग बाहेरच्या फाईलच्या आधी वाचला जातो, आणि एकाच एंटिटीच्या दोन घोषणा असतील तर पहिली ग्राह्य धरली जाते. म्हणून ज्याला 'पु' हा उपसर्ग हवा, त्याने आपल्या दस्तऐवजात 'उप' आणि 'जोड' यांची नवी मूल्ये द्यावीत. उपसर्ग नकोच असेल तर दोन्ही मूल्ये रिकामी ठेवावीत. मात्र वरची संपूर्ण रचना बाहेरच्या फाईलमध्येच असली पाहिजे. दस्तऐवजाच्या आतील भागात घोषणेच्या पोटात पॅरामीटर एंटिटी वापरता येत नाही.

ही युक्ती पुस्तकी नाही. एक्सएचटीएमएलचे विभाग पाडणारी शिफारस १० एप्रिल २००१ रोजी आली, तिच्यातील डीटीडी याच मार्गाने उपसर्ग बदलता ठेवतात. त्याआधीच्या, २६ जानेवारी २०००च्या एक्सएचटीएमएल १.० मध्ये मात्र उपसर्गच नाही. तेथे मुळातील 'एचटीएमएल' या घटकावर नामावकाशाचा पत्ता 'फिक्स्ड' म्हणून बांधला आहे. वैद्यकीय व वैज्ञानिक नियतकालिकांचे लेख साठवण्यासाठी वापरली जाणारी 'जॅट्स' ही पद्धती गणिती सूत्रांसाठी मॅथएमएलचे घटक घेते आणि त्यांना 'एमएमएल' असा उपसर्ग लावते. ग्रंथलेखनासाठी प्रसिद्ध असलेल्या डॉकबुकने चौथ्या आवृत्तीपर्यंत नामावकाशाविना डीटीडी चालवली. पाचव्या आवृत्तीत नामावकाश आला, तेव्हा प्रमाण व्याख्या म्हणून तिने डीटीडीऐवजी रिलॅक्स एनजीचा स्वीकार केला.

७. देवनागरी नावांच्या संदर्भात विशेष दक्षता

मराठीत घटकनामे ठेवणाऱ्यांनी काही गोष्टी मुद्दाम जपाव्यात, कारण त्या कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकात सहसा मिळणार नाहीत.

विसर्ग आणि अपूर्णविराम हे दिसायला जवळजवळ सारखे. टंकलेखनाच्या जुन्या सवयीने पुष्कळ जण विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाइप करतात. कागदावर त्याने काही बिघडत नाही. पण प्रवेश-नोंदीत 'निःशुल्क' असा घटक असेल आणि तो अपूर्णविरामाने 'नि:शुल्क' असा लिहिला गेला, तर काय होईल? डीटीडीतही तो तसाच लिहिला असेल, तर वैधता-तपासणी त्यास निर्दोष ठरवील, कारण तिच्या लेखी अपूर्णविराम हे एक अक्षरच. नामावकाश जाणणारी प्रणाली मात्र 'नि' हा उपसर्ग समजून त्याचा पत्ता मागेल, आणि तो नाही म्हणून संपूर्ण फाईल नाकारील. आणि यादीत विसर्ग व दस्तऐवजात अपूर्णविराम असेल, तर डीटीडीच ते नाव अनोळखी ठरवील. विसर्ग हा नावात चालणारा वर्ण आहे, तेव्हा तो विसर्ग म्हणूनच लिहावा.

दुसरी गोष्ट, सारखे दिसणारे वर्ण सारखे असतातच असे नाही. 'तऱ्हा' या शब्दातील अर्धा 'ऱ' स्वतंत्र 'ऱ' या वर्णाने लिहिता येतो, तसाच 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण यांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही एक, यंत्राला दोन. ती अदृश्य जोडखूण एक्सएमएल १.० च्या पहिल्या चार आवृत्त्यांनुसार नावात चालत नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या पाचव्या आवृत्तीत चालते. 'ॲ' या स्वतंत्र अक्षराचीही हीच कथा. ते युनिकोडमध्ये २००८ साली आले, म्हणून चौथ्या आवृत्तीवर बेतलेला पार्सर त्याने सुरू होणारे घटकनाम नाकारतो. यास्तव घटकनामांत असे वर्ण टाळावेत, मजकुरात खुशाल वापरावेत. नावाचा आरंभ अंकाने करू नये, हा नियम पहिल्या चार आवृत्त्यांनुसार देवनागरी अंकांनाही लागू आहे.

८. पुढील वाट

डीटीडीची ही मर्यादा जाणून पुढे दुसऱ्या व्याख्यापद्धती निघाल्या. २ मे २००१ रोजी एक्सएमएल स्कीमा ही शिफारस झाली. त्याच वर्षी जेम्स क्लार्क आणि मुराता माकोतो यांच्या कार्यातून रिलॅक्स एनजी आकारास आली आणि २००३ साली ती आंतरराष्ट्रीय मानक बनली. या दोन्ही पद्धती उपसर्ग न पाहता पत्ता आणि स्थानिक नाव पाहतात. त्यांच्यापुढे वरील (अ), (आ), (इ) हे तिन्ही घटक एकच ठरतात. शिवाय एकाच नावाच्या घटकाला स्थानपरत्वे निराळी रचना देण्याचीही त्यांत सोय आहे.

मग डीटीडी शिकावी कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर असे, की आधी साठवलेले दस्तऐवज पुढेही वाचावे लागतात आणि ते ज्या नियमांनी लिहिले त्याच नियमांनी तपासावे लागतात. जॅट्ससारख्या चालू पद्धतीही डीटीडी पुरवतात. जुनी नोंद वाचता न येणे म्हणजे त्या नोंदीतील माणूस विसरणे होय. निवासी शाळेच्या नोंदवहीतील एकेक ओळ ही कोणा मुलाच्या प्रवेशाचा, त्याच्या सवलतीचा, त्याने वाचलेल्या पुस्तकांचा पुरावा असते. पुढे कधी दाखल्यासाठी तो मुलगा परत आला, तर त्याची नोंद सापडली पाहिजे.

९. सारांश आणि स्वाध्याय

नामावकाश नावाला ओळख देतो, डीटीडी नावाची अक्षरे तपासते. पहिल्याचे काम दुसरी करीत नाही आणि दुसरीचे काम पहिला करीत नाही. दोहोंचा एकत्र उपयोग करावयाचा असल्यास उपसर्ग ठरवून घ्यावा, तो यादीत सर्वत्र सारखा लिहावा, त्याची घोषणा यादीत बांधावी व दस्तऐवजातही लिहावी, आणि उपसर्ग बदलता हवा असेल तर पॅरामीटर एंटिटीचा आश्रय करावा.

विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्न सोडवून पाहावेत.

(१) 'अंक' हा शब्द नाट्यसंग्रहाच्या आणि नियतकालिकांच्या अशा दोन याद्यांत आहे. नाटकाच्या अंकात एक वा अधिक 'प्रवेश' असतात, नियतकालिकाच्या अंकात 'महिना' व 'वर्ष'. दोन्ही एकत्र आणणारी डीटीडी लिहा.

(२) त्या डीटीडीत नामावकाशाच्या घोषणा कोणत्या घटकावर नोंदवाल आणि का?

(३) एका दस्तऐवजात घटकनामे उपसर्गहीन आहेत व नामावकाश केवळ बाहेरच्या डीटीडीतील 'फिक्स्ड' मूल्याने मिळतो. तो वैधता न तपासणाऱ्या पार्सरने वाचला, तर कोणता दोष संभवतो आणि तो का दिसून येत नाही?

(४) 'अंतःकरण' हे घटकनाम विसर्गाने आणि अपूर्णविरामाने अशा दोन्ही रीतींनी लिहून, प्रत्येकाबाबत डीटीडी काय म्हणेल व नामावकाश जाणणारा पार्सर काय म्हणेल, ते चार ओळींत मांडा.

उत्तरे पाठ करू नयेत. संगणक-कक्षात प्रत्यक्ष फाईल लिहून, ती दोन प्रकारच्या पार्सरांपुढे ठेवून पाहावी. या विषयात ऐकीव ज्ञानापेक्षा स्वतः केलेली तपासणी अधिक विश्वासार्ह असते, आणि तशी तपासणी करण्याची सवय लागावी, हाच या अभ्यासलेखामागील आमचा हेतू आहे.